रेल्वे मॉडेल रंगवणे आणि सजवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोड, सिडको, देवळाली कॅम्प आणि इगतपुरीच्या छंदिष्टांकडून गेली काही वर्षे येत असलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सारखेच प्रश्न एकाखाली घेतलेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी नवखा आहे. पहिल्याच मॉडेलला रंग द्यायचा तर काय काय आणू?

आधी एक जुना, पडीक डबा आणा. चालू इंजिनावर हात साफ करू नका. बाकी यादी छोटी आहे: ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, दोन चांगले ब्रश (एक चपटा, एक बारीक टोकाचा), करडे अस्तर (प्रायमर), दोन-तीन रंग, मास्किंग टेप, ग्लॉस आणि मॅट व्हार्निश, चिमटा आणि भांडी घासायचा लिक्विड साबण. एअरब्रश लगेच घ्यायची गरज नाही (प्रश्न ६). दुकानात गेलात की रंगाच्या बाटल्या मोह घालतात आणि वॉटर पेपर विसरतो. उलट करा.

२. एचओ म्हणजे काय? आणि आपली ब्रॉडगेजची गाडी त्यात नीट बसते का?

एचओ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे मॉडेल, रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी आहे. आपला गेज १६७६, म्हणजे हिशेबाने तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर यायला हवा. त्यामुळे भारतीय बॉडी एचओच्या चाकांवर बसली की खालून जराशी अरुंद दिसते. बहुतेक जण हे मान्य करून पुढे जातात, मीही.

लांबीकडे मात्र बघा. आयसीएफ (जुन्या धाटणीच्या) डब्याची बॉडी २१.३४ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण २४५ मिलिमीटर. एलएचबीची (नव्या, जर्मन धाटणीच्या डब्याची) २३.५४ मीटर, म्हणजे २७०. लहान वळणांवर फिरावेत म्हणून स्वस्त डबे आखूड केलेले असतात. अशा डब्यावर एलएचबीची लाल-करडी रंगसंगती कितीही नीट दिली तरी डोळ्याला काहीतरी खटकत राहते. ते 'काहीतरी' म्हणजे ही लांबी. आखूड डबा आयसीएफच्या रंगात त्यातल्या त्यात खपून जातो.

३. जुना रंग काढायलाच हवा का? काढायचा तर कशाने?

नेहमी नाही. कारखान्याचा रंग पातळ असेल, रिव्हेट आणि दारांच्या रेषा स्पष्ट असतील, तर साबणाने धुऊन वॉटर पेपरचा हलका हात फिरवा आणि त्यावरच अस्तर द्या. कोणीतरी आधी ब्रशने थापलेला जाड रंग असेल किंवा पोपडे सुटत असतील, तर काढा.

मेडिकलमध्ये किंवा केमिकलवाल्याकडे मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सगळ्यात सोपे. बॉडी झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा, दर दोन-तीन तासांनी पाहा आणि जुन्या टूथब्रशने घासा. काही रंग तासाभरात निघतात, काहींना रात्र लागते. हे द्रव्य पेट घेते, तेव्हा देवघर आणि गॅसपासून लांब. हँड सॅनिटायझर त्या जागी चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा थर बसतो. डेटॉलनेही बरेच रंग निघतात, पण घासून झाल्यावर लगेच पाणी लावलेत तर सुटलेला रंग डिंकासारखा चिकटतो. आधी डेटॉलमध्येच विसळा, मग साबण, मग पाणी.

एनसी थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल प्लास्टिकच्या जवळ आणू नका. माझे एक वॅग-७ (मालगाडीचे विजेचे इंजिन) थिनरच्या वाटीत पाच मिनिटे राहिले आणि त्याच्या कॅबचा उतरत्या पावसात विसरलेला बत्तासा झाला. ते अजून फळीवर आहे. पाहुणे त्याच्याबद्दलच जास्त विचारतात.

४. बॉडी उघडताना काही तुटेल अशी भीती वाटते. आणि आत काय झाकायचे?

भीती रास्त आहे. उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रू काढल्यावर पुन्हा एक. बहुतेक बॉड्या खालून स्क्रूने किंवा बाजूच्या खिट्ट्यांनी अडकवलेल्या असतात. खिट्टी असेल तर बॉडी आणि चेसिसच्या फटीत जुन्या फोनकार्डाची पट्टी सरकवत जा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा कोणता कुठला हे कागदावर टोचून ठेवा.

रंगवायला फक्त बॉडी न्या. चेसिस, मोटर, चाके आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्या या रंगापासून लांबच राहाव्यात. चाकांच्या बाजू रंगवायच्या असतील तर ब्रशने रंगवा आणि रुळावर टेकणारा भाग चकचकीत ठेवा. हे न पाळल्यावर काय होते ते प्रश्न १४ मध्ये.

५. रंग कोणते वापरू? कॅम्लिनचे ॲक्रिलिक चालतील का?

चालतील. चित्रकलेच्या ट्यूबमधले ॲक्रिलिक ब्रशने थेट लावले तर मात्र जाड बसते आणि ब्रशच्या रेघा राहतात. पाण्यात दुधाइतके पातळ करा आणि चार-पाच हात द्या. तामिया, वालेहो यांसारखे मॉडेलचे रंग दाणा बारीक असल्याने सोपे जातात, पण ते मागवायला लागतात आणि महागही असतात. माझी पद्धत मधली आहे: बॉडीचा मुख्य रंग चांगल्या ब्रँडचा आणि खालचा भाग, छप्पर, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) हे सगळे साध्या ॲक्रिलिकने.

ऑइल पेंटचा डबा वापरू नका असे मी म्हणत नाही. एनामल सुंदर सपाट बसतो. पण वाळायला दिवस जातात आणि तेवढ्या वेळात घरातली सगळी धूळ त्याच्याकडे आकर्षित होते.

लाल, पिवळा आणि केशरी हे पारदर्शक रंग आहेत. करड्या अस्तरावर ते मळके दिसतात. त्यांच्याखाली पांढरे अस्तर द्या. ही एक गोष्ट केलीत तर निम्मे काम झाले.

६. ब्रश, स्प्रे कॅन की एअरब्रश?

डबे रंगवायचे तर स्प्रे कॅन पुरते, इंजिनांची बारीक रंगसंगती करायची तर एअरब्रश, आणि बोगी, बफर, हँडरेल अशा सगळ्या किरकोळ कामाला ब्रश.

स्प्रे कॅन घेतलात तर आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात उभी ठेवा, गॅसवर कधीच नाही. गाडीच्या टचअपसाठी मिळणाऱ्या कॅनमधले सॉल्व्हंट जोरदार असते, तेव्हा पहिला हात एवढा हलका द्या की खालचे प्लास्टिक दिसत राहील. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. ओघळ येतो तो बॉडीवर थांबल्यामुळे.

एअरब्रश घेतलात तर ०.३ मिलिमीटरच्या नोझलपासून सुरुवात करा, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय. रंग दुधाइतका पातळ आणि हाताचे अंतर दहा-बारा सेंटिमीटर. आधी जुन्या वर्तमानपत्रावर एक रेघ मारून पाहा, मग मॉडेलकडे वळा. बंद खोलीत मारू नका. धूळ रोखणारा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, त्याला कार्बनचे फिल्टर लागतात.

७. नाशिकच्या हवेत रंग कधी द्यायचा? पावसाळ्यात माझा रंग पांढरट झाला.

पावसाळी हवेतली आर्द्रता ओल्या लॅकरवर (सॉल्व्हंटच्या, झटपट वाळणाऱ्या रंगावर) बसते आणि पांढरट झाक येते. शहरात एकवेळ उघडीप सापडते, पण इगतपुरी-घोटीकडे, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे जून ते सप्टेंबर फवारणी बंदच ठेवलेली बरी. त्या महिन्यांत कापा, घासा, हँडरेल बसवा, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरे-चिन्हे) छापून ठेवा. अगदीच घाई असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून बॉडी आत ठेवा, पण हवा हाताला कोमट लागेल इतपतच. जास्त तापली तर बॉडी वाकते.

एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. दुपारी रंग पोहोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. सकाळी आठच्या आत काम उरका किंवा सुकणे लांबवणारे द्रव्य मिसळा.

माझा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ॲक्रिलिक नीट जमत नाही, म्हणून ऊन अंगणात आल्यावर बसतो.

८. डब्याचा नेमका निळा कोणता? बाटलीचा नंबर सांगा ना!

हा प्रश्न महिन्यातून दोनदा येतो आणि माझे उत्तर लोकांना आवडत नाही: नंबर सांगणार नाही. नव्याने कारखान्यातून आलेला निळा, दोन वर्षे घाटातून धावलेला निळा आणि मोबाइलच्या फोटोतला निळा हे तीन वेगळे रंग आहेत. मी एकाला माझ्या मिश्रणाचे प्रमाण दिले होते. त्याने तंतोतंत तेच केले आणि म्हणाला, "साहेब, हा फारच गडद झाला." खरेच झाला होता. मॉडेल छोटे, उजेड ट्यूबलाइटचा, तेव्हा खऱ्या डब्याचाच रंग लावला तर तो काळसर वाटतो. मॉडेलच्या रंगात दहाव्या हिश्शाच्या आसपास पांढरा किंवा क्रीम घालून उजळवायला लागते.

मी काय करतो ते सांगतो. पोस्टकार्डाच्या पट्ट्यांवर चार-पाच मिश्रणे लावतो, मागे प्रमाण लिहितो आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढून नाशिकरोडला जातो. निळ्या डब्यांची गाडी लागली की पट्टी हातभर अंतरावर धरून डब्याकडे बघतो. ढगाळ दिवस असेल तर उत्तम, कारण कडक उन्हात सगळेच रंग फिके दिसतात. लोक बघतात. एकदा एका हमालाने विचारले, "दादा, रेल्वेचे पेंटर का?" नाही म्हटल्यावर त्याला जास्तच नवल वाटले.

फलाटावरूनच बघा. रूळ ओलांडणे किंवा त्यांच्या बाजूला उतरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि दंडापेक्षा मोठे कारण म्हणजे मागून येणारी गाडी.

९. पट्टा सरळ येत नाही, टेपखाली रंग पाझरतो. काय चुकते?

टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग (किंवा ग्लॉस व्हार्निश) एक हात फिरवा. फटींत तोच जाऊन बसतो आणि त्या बुजतात. मग पट्ट्याचा रंग पातळ हातांनी द्या. टेप रंग पुरता वाळण्याआधी, पट्ट्याच्या उलट्या दिशेने दुमडत काढा. वाळल्यावर काढली तर कड दातेरी होते. रिव्हेट आणि दारांच्या खाचा असतील तिथे टेप टूथपिकने दाबून बसवा. आणि फिकट रंग आधी, गडद नंतर. वॅप-७ चा (प्रवासी गाडीच्या विजेच्या इंजिनाचा) पांढरा आधी, लाल पट्टा मग.

१०. आकडे-अक्षरे कशी आणायची? पांढरी अक्षरे प्रिंटर छापतच नाही.

घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही कारण त्यात पांढरी शाई नसते. आपल्या गाड्यांवरची निम्मी अक्षरे मात्र पांढरी नाहीतर पिवळी. तीन वाटा आहेत.

पहिली, पांढऱ्या डिकल पेपरवर अक्षराभोवती बॉडीच्या रंगाची पार्श्वभूमी छापायची आणि कड जवळून कापायची. स्वस्त, पण रंग बॉडीशी जुळवताना घाम फुटतो. दुसरी, पांढरा टोनर असलेल्या डिजिटल छपाईवाल्याकडून पारदर्शक डिकल छापून घ्यायची. तिसरी, हाताने. 'म.रे.' (मध्य रेल्वे) हे मी बारीक ब्रशने हाताने लिहिले आहे आणि ते भिंगातून बघितल्याशिवाय वाईट दिसत नाही.

मजकुराच्या बाबतीत चूक करू नका. अक्षरे एका गाडीच्या फोटोवरून आणि क्रमांक दुसऱ्या गाडीचा, असे करू नका. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीचे वर्ष सांगतात, तेव्हा ०८ ने सुरू होणारा क्रमांक जुन्या मरून डब्यावर टाकलात तर जाणकार पहिल्या मिनिटात पकडतो. इंजिनावर क्रमांकाबरोबर शेडचेही (जिथे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचे) नाव असते. भुसावळचे इंजिन असेल तर भुसावळ लिहा.

इंकजेटची शाई पाण्यात पसरते, म्हणून छापलेल्या कागदावर क्लिअर स्प्रेचे दोन हलके हात देऊन वाळू द्या.

११. डिकल लावले की भोवती चंदेरी चकाकी दिसते. का?

खालचा पृष्ठभाग खरखरीत आहे आणि फिल्मखाली हवा अडकली आहे. डिकल नेहमी ग्लॉस व्हार्निशवरच लावा, मॅटवर कधीच नाही. पाण्यात थेंबभर व्हिनेगर घातले तर फिल्म मऊ पडून खाचांत बसते, डिकलसाठीचे खास द्रवही मिळते. हवेचे फुगे उरलेच तर सुईने टोचून पुन्हा द्रव लावा. सगळे वाळल्यावर वरून मॅट.

१२. हँडरेल, काचा, पँटोग्राफ : कुठे मेहनत घ्यावी आणि कुठे सोडून द्यावी?

हँडरेलवर घ्या. प्लास्टिकचे साच्यातले जाड दांडे खरवडून काढा आणि त्याजागी तार बसवा. गिटारची सगळ्यात बारीक तार ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असते, सरळ राहते आणि घरात आधीच असेल तर फुकट. ती साध्या कात्रीने कापायला जाऊ नका, कात्री बोथट होते. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.४ मिलिमीटरचे भोक पाडून तार घाला. रंगवण्याच्या आधीच बसवा, नंतर बसवली तर डिंकाचे डाग पडतात.

काचांना झटपट चिकटणारा डिंक लावू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल पुरतो आणि वाळून पारदर्शक होतो.

पँटोग्राफवर (छपरावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्यावर) जे मिळेल ते चालवा. विजेच्या इंजिनाच्या मॉडेलवर दोन्ही पँटो वर ठेवण्याची मात्र हौस असते. आपल्या एसी मार्गावर सहसा मागचा एकच वर असतो.

डब्याच्या आतल्या सीटवर रविवार घालवू नका. काचेतून फक्त त्यांचा रंग दिसतो.

१३. गाडी खरी वाटावी म्हणून मळवायची कशी? किती?

मॉडेल मळवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळीकडे सारखाच मळ. घाण कुठून येते याचा विचार करा, ती आपोआप योग्य जागी जाते.

कसारा घाट ३७ ला १ चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. उतरताना ब्रेक सतत लागतो. जुन्या आयसीएफ डब्यांत बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासायचे आणि त्यांची तांबूस-तपकिरी भुकटी बोगी, पायऱ्या, बॉडीच्या खालच्या कडेवर बसायची. म्हणून मुंबई-मनमाड मार्गावरचे जुने आयसीएफ डबे कमरेखाली तपकिरी दिसायचे. एलएचबीत डिस्क ब्रेक असतात, भुकटी कमी. तिथे धूळ करडी ठेवा. एकाच रेकमध्ये (जोडलेल्या डब्यांच्या माळेत) दोन्ही प्रकार चुकून मिसळलात तरी मळाच्या रंगावरून डबा ओळखू आला पाहिजे. ते जमले की तुमचा हात बसला.

विजेच्या इंजिनाच्या छपरावर पँटोभोवती काळी काजळी असते. ती गोलाकार ठिपक्याऐवजी गाडीच्या लांबीच्या दिशेने हलकी ओढा. पावसाचे ओघळ मात्र उभे येतात: छपराच्या कडेवरून, खिडकीच्या कोपऱ्यातून, दाराच्या फटीतून. करड्या-तपकिरी रंगाचे पातळ पाणी फासा, आणि ओल्या ब्रशने वरून खाली ओढत अर्धे पुसून टाका.

साहित्य म्हणाल तर पेस्टल खडूची पूड आणि एक मऊ जुना ब्रश. मॅट व्हार्निशवर ती धरते. वरून पुन्हा व्हार्निश मारले की पुडीचा निम्मा रंग नाहीसा होतो, हे गृहीत धरून थोडे जास्त लावा.

किती? तुम्हाला पुरेसे वाटले की थांबा आणि उद्या सकाळी पाहा. रात्री ट्यूबलाइटमध्ये माझे निम्मे मॉडेल भंगारात गेलेले आहेत.

१४. रंगवल्यावर इंजिन चालतच नाही. मोटर जळाली का?

बहुधा नाही. क्रमाने तपासा. चाकांच्या टेकणाऱ्या भागावर रंग किंवा व्हार्निश आहे का? आयसोप्रोपिल लावलेल्या कापडावर चाके फिरवा. वीज उचलणाऱ्या पट्ट्या वाकल्या आहेत का? बॉडी आत कुठे घासते का? रंगाच्या जाडीनेही अशी घासाघीस होते. चंदेरी किंवा पितळी रंग आतल्या संपर्कांजवळ सांडला असेल तर त्यातल्या धातूच्या कणांनी शॉर्टसर्किट होऊ शकते. तो खरवडा. डीसीसी डिकोडर (इंजिनातली डिजिटल नियंत्रणाची चिप) असेल तर बॉडी लावताना तार चेमटली आहे का हे पाहा.

१५. धातूची बॉडी असेल तर काही वेगळे?

हो. अस्तर धातूवर धरणारे हवे, साधे ॲक्रिलिक सोलून निघते. प्रश्न ३ मध्ये वर्ज्य केलेला थिनर इथे चालू शकतो, पण प्लास्टिकच्या खिडक्या-जाळ्या काढल्याची खात्री करूनच. आणि जुने, मूळ खोक्यासह असलेले मार्कलिन वा तत्सम संग्राह्य मॉडेल असेल तर रंगवू नका. रंग उतरवला की त्याचे मोल उतरते.

१६. कोणते इंजिन कोणत्या डब्यांना लावू? वॅप-७ ला मरून डबे लावले तर?

तुमची गाडी, तुमचा रूळ. पण 'खरी' म्हणून दाखवणार असाल तर काळ जुळवा. मरून रेक वाफेच्या आणि डिझेलच्या, पहिल्या विजेच्या गाड्यांच्या काळातला. निळा नव्वदच्या दशकापासूनचा. वॅप-७ साधारण २००० सालापासूनची, तिच्यामागे निळे, पुढे एलएचबीचे लाल-करडे डबे शोभतात. मुंबई-शिर्डी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ची, तिचा पांढरा-निळा रेक जुन्या सिग्नलच्या लेआउटवर (रूळ-स्टेशनच्या मांडलेल्या देखाव्यावर) नको.

आणि शेवटच्या डब्यामागे पिवळा फुलीसारखा 'एक्स' विसरू नका. रेक पूर्ण आल्याची ती खूण आहे. चाळीस तासांचे काम करून ती दोन मिनिटांची फुली विसरलेले मॉडेल मी नाशिकमध्येच पाहिले आहे. कोणाचे, ते सांगत नाही.

१७. माझा लेआउट नाशिकरोड आहे. 'खेकडा' इंजिन उभे केले तर चालेल का?

नाही चालणार, आणि याचे कारण मला खूप आवडते. डब्ल्यूसीजी-१, ज्याला घाटात लोक खेकडा म्हणायचे, ते १५०० व्होल्ट डीसीवरचे इंजिन. डीसीची तार मुंबईहून इगतपुरीला येऊन संपायची. इगतपुरीपुढे नाशिकरोड-मनमाडकडे २५ केव्ही एसी आली, तीही नंतर. तेव्हा खेकडा आपल्या बळावर नाशिकरोडच्या फलाटावर येणे शक्यच नव्हते. इगतपुरीचा लेआउट केलात तर तो हक्काने उभा राहतो आणि इंजिन बदलण्याचा देखावाही मिळतो. नाशिकरोडला दोन्ही तारांखाली चालणारे डब्ल्यूसीएएम-३ मात्र खुशाल ठेवा. त्याचे दोन पँटो डीसीखाली दोन्ही वर असायचे, एसीखाली एक. म्हणजे प्रश्न १२ मधला नियम डीसीखाली मोडतो.

१८. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तोही रंगवतो म्हणतो.

द्या. पाण्याचे ॲक्रिलिक, मोठा ब्रश, मालडबा. ब्लेड, स्प्रे आणि आयसोप्रोपिल तुमच्या हातात ठेवा. मालडबा जितका अस्ताव्यस्त रंगेल तितका खरा दिसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचा तुमच्यापेक्षा सरस होण्याची शक्यता आहे.

१९. मेन रोडवरून स्टेशनापर्यंत जाणाऱ्या जुन्या नाशिक ट्रामचे मॉडेल करायचे आहे. रंग काय देऊ?

घोड्यांच्या त्या ट्रामचे कृष्णधवल फोटोच हाती येतात, मूळ रंग त्यांत कळत नाही. मी स्वतः तिला फिकट क्रीम आणि चॉकलेटी दिला आहे, निव्वळ अंदाजाने, आणि पाटीखाली बारीक अक्षरांत 'रंग कल्पित' असे लिहिले आहे. कोणाच्या आजोबांनी ती पाहिली असेल आणि रंग सांगून ठेवला असेल, तर मला जरूर कळवा. क्रीमवर दुसरा हात द्यायला मी तयार आहे.